पर्यायी इतिहासातील संभवनीयता : मार्शल झुकॉव्हचे उदाहरण

पर्यायी इतिहासाची कथा ‘जर-तर’च्या पायावर उभी असते. घडून गेलेल्या घटनाक्रमात कथाकार एका क्षणी निराळे वळण कल्पितो आणि तेथून पुढील घटनांची संगती लावतो. इतिहासकार ई. एच. कार यांनी १९६१ साली अशा प्रश्नांची संभावना दिवाणखान्यातील खेळ म्हणून केली. ॲरिस्टॉटलने मात्र संभवनीयतेच्या वा अपरिहार्यतेच्या नियमानुसार जे घडू शकेल ते सांगणे, हेच कवीचे कार्य मानले. खेळ आणि साहित्य यांतील सीमारेषा या संभवनीयतेनेच आखली जाते. हुकूमशहाच्या मृत्यूनंतर सेनानी सत्ता बळकावतो, ही कल्पना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

स्टालिनचा मृत्यू ५ मार्च १९५३ रोजी झाला. महायुद्धाचा विजयी सेनापती मार्शल झुकॉव्ह याला स्टालिनने १९४६ मध्ये ओडेसा व १९४८ मध्ये उरल येथील लष्करी विभागांत धाडून राजधानीपासून दूर ठेवले होते. आता तो मॉस्कोत परतला व संरक्षण खात्याचा प्रथम उपमंत्री झाला. २६ जून रोजी क्रेमलिनमध्ये बेरियाला अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांत तो होता. १९५५ मध्ये तो संरक्षणमंत्री झाला. जून १९५७ मध्ये पक्षाच्या अध्यक्षमंडळातील बहुमत ख्रुश्चेव्हविरुद्ध गेले, तेव्हा केंद्रीय समितीच्या सभासदांना लष्करी विमानांनी मॉस्कोत आणण्यास झुकॉव्हने साहाय्य केले. त्या बैठकीत ख्रुश्चेव्ह तरला.

कथाकाराला मोह पडतो तो येथेच : झुकॉव्हने हीच शक्ती स्वतःसाठी वापरली असती तर? परंतु प्रत्यक्ष इतिहासाचे उत्तर अवघ्या चार महिन्यांत मिळाले. ऑक्टोबर १९५७ मध्ये झुकॉव्ह युगोस्लाव्हिया व अल्बानियाच्या दौऱ्यावर असताना त्याच्या पदच्युतीची सिद्धता झाली. सैन्यातील पक्षकार्य त्याने दुर्बळ केले, असा ठपका ठेवण्यात आला. त्याच्यासाठी एकही तुकडी बराकीबाहेर आली नाही. सैन्य सेनापतीचे नव्हते, पक्षाचे होते. राजकीय अधिकाऱ्यांची उतरंड पलटणींपर्यंत पोचलेली होती. तेव्हा झुकॉव्हची केवळ महत्त्वाकांक्षा वाढवून कथा विश्वसनीय होत नाही. पक्ष आणि सैन्य यांचे हे नाते कोठे व कसे सैल झाले, हे तिला दाखवावेच लागेल.

मराठीतील जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा येथे तुलनेस घेता येते. तीत विश्वासरावाला लागणारी गोळी निसटती जाते आणि मराठ्यांचा जय होतो. एका गोळीवर एवढा भार पेलतो, कारण १४ जानेवारी १७६१ च्या त्या रणांगणावर फौजेचे धैर्य खरोखरच नायकाच्या जीविताशी बांधलेले होते. मॉस्कोतील सत्ता तशी एका व्यक्तीशी बांधलेली उरली नव्हती. पानिपतात अपघात पुरतो. क्रेमलिनमध्ये संस्थेचे स्वरूपच बदलावे लागते.

वळणाचा क्षण निवडणे म्हणजे इतिहासाचे कर्तृत्व कोणाकडे होते, याविषयी निर्णय देणे होय. तो निर्णय चुकला की पर्यायी इतिहास केवळ इच्छापूर्तीची कथा होतो. तो अचूक ठरला, तर न घडलेल्या घटनेतून घडलेल्या घटनेचे कारण उमगते.