भडकल दरवाजा : दास्य, जन्म आणि मुक्ती

पिशोर-कन्नड परिसरातून भीमजयंतीस छत्रपती संभाजीनगरास (पूर्वीचे औरंगाबाद) येणारे उपासक-उपासिका भडकल दरवाजापाशी बाबासाहेबांच्या पुतळ्यास अभिवादन करतात. शेजारचा दरवाजा कोणी बांधला, हे मात्र त्यांना क्वचितच सांगितले जाते. त्याचा येथे थोडक्यात विचार करू.

हा दरवाजा मलिक अंबरने १६१२ साली मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ उभारला. मलिक अंबर हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातील कृष्णवर्णीय. त्याचे मूळ नाव चापू. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला व बगदादमार्गे दख्खनेत आला. येथे त्यास विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेझखान हाही पूर्वाश्रमीचा हबशी गुलामच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला आणि पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी बनला. १६१० साली त्याने खडकी येथे राजधानी वसविली. तेच आजचे हे शहर होय. १६२६ साली तो निधन पावला. त्याची कबर खुलताबादेस आहे.

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्ताचे येथे स्मरण होते. योन-कम्बोज देशांत स्वामी व दास असे दोनच वर्ण असून स्वामीचा दास आणि दासाचा स्वामी होतो, हे तू ऐकले आहेस काय, असे तथागत अस्सलायन या ब्राह्मण तरुणास विचारतात. तो होकार देतो. जे बदलू शकते ते जन्मसिद्ध कसे, हा त्या प्रश्नामागील युक्तिवाद होय. अंबरचे चरित्र म्हणजे त्या युक्तिवादाचा ऐतिहासिक पुरावाच.

परंतु यावरून गुलामगिरी सौम्य होती, असा निष्कर्ष काढू नये. माणसाची खरेदी-विक्री ही अमानुषच. भेद आहे तो सुटकेच्या वाटेचा. गुलामास धनी मुक्त करू शकत असे. अस्पृश्यास मुक्त करू शकेल असा कोणी धनीच नव्हता, कारण त्याचे बंधन धर्माज्ञेने जन्माशी बांधलेले होते. म्हणूनच बाबासाहेबांनी अस्पृश्यता ही गुलामगिरीहूनही वाईट ठरविली. तथापि दोन्ही दुःखांचे नाते त्यांनी ओळखले होते. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांनी निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या.

जन्माचे हे बंधन १९५६ च्या धम्मदीक्षेने नाकारले. तेव्हा या दरवाजापाशी मुलांना दोन्ही इतिहास एकत्र सांगावेत, असे आम्हांस वाटते. एकाने दास्यातून राज्यकारभार हाती घेतला. दुसऱ्याने ‘जन्माने दास’ ही कल्पनाच मोडली.