परागकणांचा आकडा आणि घड्याळ

हवेतील परागकणांचा जो आकडा दम्याच्या रुग्णांपुढे ठेवला जातो, तो बहुधा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथील शेती-संशोधन केंद्रातील जे. एम. हर्स्ट यांनी १९५२ साली वर्णिलेला सापळा या कामी आजही अनेक देशांत वापरला जातो. तो मिनिटाला १० लिटर हवा एका अरुंद फटीतून ओढतो. आत चिकट पट्टी तासाला २ मिलिमीटर सरकत असते. म्हणजे प्रत्येक तासाची नोंद पट्टीवर असतेच; ती हरवते सरासरी काढताना.

वनस्पती काही चोवीस तास सारखे पराग उधळीत नाहीत. उत्तर अमेरिकेतील रॅगवीड हे तण मुख्यतः सूर्योदयानंतरच्या काही तासांत पराग सोडते. समजा, एका तासात घनमीटरला ४८० कण होते व उरलेले तेवीस तास हवा स्वच्छ होती. सरासरी येईल अवघी २०! आकडा खोटा नव्हे. परंतु नेमक्या त्या तासात फिरावयास निघालेल्या रुग्णाला त्याचा उपयोग काय?

मग थोडाच वेळ नमुना घ्यावा, असे कोणी म्हणेल. त्यातही गोम आहे. दहा मिनिटांत सापळ्यातून १०० लिटर, म्हणजे घनमीटरचा दहावा हिस्सा हवा जाते. तीत एक कण सापडला तर घनमीटरला १० धरावयाचे. योगायोगाने आणखी एक अडकला की २०.

हा वाद केवळ प्रयोगशाळेतला नाही. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी सायंकाळी ऑस्ट्रेलियातील मेलबर्नवर गडगडाटी वादळ आले. रायगवताचे पराग ओलाव्याने फुटून त्यांतील सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर गेले, असे मानले जाते. हजारो लोक रुग्णालयांकडे धावले, दहा जण दगावले. संकट काही तासांत कोसळले. सापळ्याची पट्टी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली जाईपर्यंत दुसरा दिवस उजाडतो.

स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने २०२३ मध्ये स्वयंचलित यंत्रांनी तासातासाचे आकडे देण्यास आरंभ केला. अशी यंत्रे महाग. सर्वांना ती परवडणार नाहीत. तथापि जुन्या सापळ्यावरही दैनिक सरासरीसोबत सर्वाधिक परागांची वेळ सांगणे अशक्य नाही. पट्टी लांबीच्या दिशेने न मोजता, दर दोन तासांच्या जागी एक याप्रमाणे बारा आडव्या रेघांवर मोजली की झाले.