शैलीसूचना आणि माहितीचित्र : एका नव्या उपयोजित गद्याची मीमांसा

शब्दांत सूचना लिहावी आणि यंत्राने तीनुसार चित्र काढून द्यावे, ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. ‘डॅल-ई’ ही प्रणाली जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाली. २०२२ मध्ये ‘मिडजर्नी’ आणि ‘स्टेबल डिफ्युजन’ सर्वसामान्यांच्या हाती आल्या. आज मराठी विभागांतील चर्चासत्रांची भित्तिपत्रके, वाङ्मयेतिहासाचे कालपट आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प यांसाठी अशा प्रणालींचा उपयोग केला जातो. माहिती, आकृती आणि मोजका मजकूर यांच्या संयोगाने सिद्ध होणाऱ्या रचनेला ‘इन्फोग्राफिक’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘माहितीचित्र’ ही संज्ञा वापरली आहे. ते कोणत्या धाटणीचे असावे हे यंत्राला सांगणाऱ्या लेखनास ‘शैलीसूचना’ म्हटले आहे. हे लेखन वरवर तांत्रिक वाटते. परंतु त्यातील मूळ प्रश्न शैलीविचाराचा आहे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे अगत्याचे ठरते.

१. पूर्वपीठिका

माहितीला दृश्यरूप देण्याची परंपरा यंत्रापेक्षा पुष्कळ जुनी आहे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये व्यापाराचे आकडे रेषालेखांतून मांडले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची कारणे आकृतीद्वारे दाखविली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र व्हिएन्नातील प्रयोग सर्वांत महत्त्वाचा होय. तेथे ऑटो नॉयराथ यांनी १९२५ मध्ये समाज व अर्थव्यवहार यांविषयीचे संग्रहालय स्थापन केले आणि पुढे ‘आयसोटाइप’ या नावाने ओळखली गेलेली चित्रपद्धती विकसित केली. मोठी संख्या दाखविताना चिन्ह मोठे करावयाचे नाही, तर तेच चिन्ह अधिक वेळा योजावयाचे, हा तिचा प्रमुख नियम.

या प्रयोगातील श्रमविभागणी ध्यानात घेण्याजोगी आहे. आकडे तज्ज्ञ पुरवीत. चिन्हे गेर्ड आर्न्ट्‌स यांच्यासारखे चित्रकार काढीत. आणि या दोहोंमध्ये रूपांतरकाराचे एक स्वतंत्र स्थान होते. मारी रायडेमाइस्टर (नंतरच्या मारी नॉयराथ) यांनी ते प्रामुख्याने सांभाळले. आकड्यांतील महत्त्वाचे काय, ते कोणत्या क्रमाने दिसावे, काय वगळावे, हे रूपांतरकार ठरवी. आज चित्रकाराच्या जागी यंत्र आले आहे. रूपांतरकाराची जागा मात्र रिकामी झालेली नाही. शैलीसूचना लिहिणारा त्या जागेवर बसतो, बहुधा आपण तेथे बसलो आहोत याची जाणीव नसताना.

२. यंत्र शब्द कसा ‘वाचते’

चित्र निर्माण करणाऱ्या बहुतेक प्रणाली चित्रे आणि त्यांखालील वर्णने यांच्या प्रचंड जोड्यांवरून घडविलेल्या असतात. विसरण पद्धतीच्या प्रणालीत आरंभी केवळ विस्कळित ठिपके असतात. सूचनेतील शब्दांच्या अनुरोधाने ते टप्प्याटप्प्याने आकार घेतात. म्हणजे शब्दाचा अर्थ येथे कोशातून येत नाही. तो शब्द ज्या चित्रांखाली आढळला त्यांच्या समुच्चयातून येतो. यातून दोन निष्कर्ष निघतात.

पहिला असा की, मूल्यवाचक विशेषणे फारसे काही सांगत नाहीत. ‘आकर्षक’, ‘आधुनिक’, ‘दर्जेदार’ हे शब्द परस्परांशी साम्य नसलेल्या असंख्य चित्रांना लावले गेलेले आहेत. त्यांच्या आधारे यंत्र सरासरीकडे झुकते आणि ओळखीचे, गुळगुळीत रूप हाती येते. याउलट ‘पांढरी पार्श्वभूमी’, ‘दोनच रंग’, ‘छायेविना सपाट आकार’ ही वर्णने दृश्य गुणांची असल्यामुळे परिणामकारक ठरतात.

दुसरा निष्कर्ष नकारासंबंधीचा. चित्राखालील वर्णन चित्रात काय आहे ते सांगते; काय नाही ते क्वचितच सांगते. त्यामुळे ‘हत्ती नको’ असे लिहिल्यावर हत्तीच अवतरण्याचा संभव असतो. नव्या प्रणालींत हा दोष कमी झाला असला, तरी जे हवे ते विधिरूपाने सांगावे हे तत्त्व आजही उपयुक्त आहे.

३. नाव आणि गुण

येथे भारतीय काव्यशास्त्रातील रीतिविचार साहाय्यास येतो. आठव्या शतकातील वामनाने रीतीला काव्याचा आत्मा मानले आणि वैदर्भी, गौडी व पांचाली असे तिचे तीन प्रकार केले. ही नावे प्रदेशांवरून आलेली असली तरी रीतीचे स्वरूप गुणांनी ठरते, प्रदेशाने नव्हे, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्या त्या प्रदेशातील कवींच्या रचनेत ती आढळली म्हणून ते नाव पडले, एवढाच प्रदेशाचा संबंध.

शैलीसूचनेत नेमका हाच विवेक सुटतो. ‘वारली शैलीत माहितीचित्र काढावे’ ही सूचना पाहू. तीत नाव आहे, गुण नाहीत. यंत्र त्या नावाशी निगडित झालेल्या खुणा, म्हणजे त्रिकोणी देहाच्या आकृती, गेरूचा रंग आणि तारपा नृत्याचे वर्तुळ, उचलते आणि साक्षरतेच्या आकड्यांभोवती त्यांची झालर लावते. परंतु वारली चित्र ही केवळ नक्षी नव्हे. लग्नप्रसंगी सुवासिनी भिंतीवर जो चौक लिहितात, त्यात पालघट देवीची स्थापना असते. तो विधीचा भाग आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून तिला व्यापक मान्यता मिळवून दिली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे. एखाद्या समाजाची कला अशी झालरीपुरती वापरावी काय, हा प्रश्न सूचना लिहिणाऱ्यानेच स्वतःला विचारावयाचा आहे. यंत्र तो विचारीत नाही. आपल्याला जर काळसर तांबड्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या साध्या आकृती हव्या असतील, तर तसे लिहावे. आणि वारली कलाच हवी असेल, तर वारली चित्रकाराकडे जावे.

४. एक उदाहरण

एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांचा कालपट करावयाचा आहे, असे समजू. ‘दर्पण’ (१८३२), ‘प्रभाकर’ (१८४१), ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९), ‘निबंधमाला’ (१८७४), ‘केसरी’ (१८८१) आणि ‘करमणूक’ (१८९०) ही सहा निवडली. ‘मराठी नियतकालिकांचा सुंदर, पारंपरिक कालपट’ अशी सूचना दिली तर सहा टप्पे सारख्या अंतरावर येण्याचीच शक्यता अधिक. कारण तशी मांडणी नेटकी दिसते. प्रत्यक्षात या टप्प्यांमधील अंतरे अनुक्रमे ९, ८, २५, ७ आणि ९ वर्षांची आहेत. एका वर्षास ३ मि.मी. असे प्रमाण घेतल्यास २५ वर्षांचे अंतर ७५ मि.मी. आणि ७ वर्षांचे २१ मि.मी. होईल. सारख्या मांडणीत दोन्ही अंतरे सुमारे ३५ मि.मी. दिसतील. म्हणजे चित्र देखणे आणि विधान असत्य, अशी स्थिती होईल.

प्रमाण पाळले म्हणजे काम संपले असेही नाही. १८४९ ते १८७४ हे अंतर जसेच्या तसे दाखविल्यास तो काळ ओसाड होता असा वाचकाचा ग्रह होईल. वस्तुतः ‘इंदुप्रकाश’ (१८६२) आणि ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७) याच काळातील आहेत. तेव्हा ती पोकळी इतिहासातील नसून आपल्या निवडीतील आहे. कोणतीही शैलीसूचना हा दोष दूर करू शकत नाही. तो रूपांतरकाराच्या व्यासंगानेच दूर होतो.

या विवेचनाच्या आधारे सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘एकच आडवी रेषा, तिच्यावर आठ उभ्या खुणा, पांढरी पार्श्वभूमी, काळा आणि विटकरी असे दोनच रंग, सपाट आकार, प्रत्येक खुणेवर नावासाठी रिकामी जागा, भोवती मोकळा समास.’ या सूचनेत एकही मूल्यवाचक विशेषण नाही. प्रत्येक पदाची पूर्तता झाली की नाही हे चित्राकडे पाहून सांगता येते. उत्तम शैलीसूचनेची हीच कसोटी होय.

५. अक्षर आणि आकडा

वरील सूचनेत नावांसाठी रिकामी जागा ठेवली, ती हेतुपुरस्सर. चित्र घडविणारे यंत्र अक्षरही आकार म्हणूनच रंगविते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, लेखनात मात्र आधी. जोडाक्षरांत अक्षरांची रूपे पालटतात. रफार पुढील अक्षराच्या माथ्यावर जातो. या व्यवस्थेची जाण नसता केवळ आकारांची नक्कल केल्यास अक्षरसदृश परंतु निरर्थक खुणा उमटतात. अलीकडच्या प्रणालींत सुधारणा झाली असली तरी प्रत्येक अक्षर तपासल्यावाचून चित्र छापू नये. मजकूर नंतर स्वतंत्रपणे जुळविणे हाच निर्धोक मार्ग.

आकड्यांविषयीही असेच म्हणता येईल. चित्रप्रणाली स्तंभाची उंची मोजून काढीलच असा भरवसा नसतो. म्हणून जेथे प्रमाण महत्त्वाचे आहे तेथे आलेख गणिती आज्ञावलीद्वारे काढावा किंवा यंत्राकडून तशी आज्ञावली लिहवून घ्यावी. चित्रप्रणालीकडे केवळ भोवतालची सजावट सोपवावी. आमच्या उदाहरणातील आठ खुणांची स्थानेही अशीच मोजून ठरवावी लागतील.

६. समारोप

शैली हा आशयावर चढविलेला साज आहे, की आशयाच्या मांडणीतूनच ती सिद्ध होते, हा वाद साहित्यविचारात जुनाच आहे. माहितीचित्राने तो नव्याने उपस्थित केला आहे. कालपटावरील दोन खुणांमधील अंतर ही शैलीची बाब वाटते. परंतु तेच अंतर इतिहासाविषयीचे विधानही असते. तेव्हा पदव्युत्तर वर्गात शैलीविचार शिकविताना विद्यार्थ्यांकडून एकाच माहितीसाठी दोन शैलीसूचना लिहवून घ्याव्यात आणि त्यांतील प्रत्येक विशेषणाचा हिशेब मागावा. कोणते पद दिसणाऱ्या गुणाचे आहे, कोणते केवळ कौतुकाचे आणि कोणते दुसऱ्याच्या परंपरेचे उसने नाव आहे, हे वेगळे करता येऊ लागले, म्हणजे विद्यार्थी यंत्र वापरण्याबरोबरच गद्य वाचण्यासही शिकला असे म्हणता येईल.