श्वानशिक्षणाचा उपदेश आणि त्याचे प्रामाण्य

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या मार्गावर, लोहा तालुक्यातील माळेगाव येथे, मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे व उंट यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहेच. परंतु यात्रेतील पशुप्रदर्शनात श्वानांनाही स्थान असते, आणि ज्या देवासोबत कुत्रा दाखविण्याची परंपरा आहे त्याच्या यात्रेत ते असावे हे यथोचितच होय. अशा ठिकाणी कुत्र्यांभोवती जमणाऱ्या माणसांचे बोलणे कोणी लक्षपूर्वक ऐकले, तर त्यात वर्णनापेक्षा उपदेशच अधिक आढळेल. कुत्रा अंधारात बांधला म्हणजे तिखट होतो. कच्चे मांस घातले की रक्ताला चटावतो. पहिल्याच दिवशी दोन तडाखे दिले की जन्मभर ऐकतो. हाच उपदेश थोड्या शहरी वेषात विष्णुपुरीच्या वसाहतींतही ऐकू येतो. अंगणात मोकळा राहणारा कुत्रा आणि चार भिंतींच्या आत माणसांबरोबर राहणारा कुत्रा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याची सवय असलेल्या कुटुंबास दुसऱ्याविषयी कोणास तरी विचारावे लागते, आणि विचारले म्हणजे उत्तरांना तोटा नसतो. त्यांतील कोणते मानावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता पशुवैद्याचा आहे. परंतु उपदेश हा भाषेतच दिला जातो, आणि तो कोठून आला व कितपत तपासला गेला याच्या खुणा त्याच्या वाक्यरचनेत राहून जातात. त्या खुणांपुरता हा प्रश्न भाषाशास्त्राच्याही कक्षेत येतो.

सांगितलेली गोष्ट वक्त्याने स्वतः पाहिली की दुसऱ्याकडून ऐकली, हे क्रियापदाच्या रूपातूनच सांगणे कित्येक भाषांत अनिवार्य असते. फ्रांझ बोआस यांनी 1911 साली वायव्य अमेरिकेतील क्वाकिउत्ल भाषेतील अशा प्रत्ययांकडे लक्ष वेधले, आणि रोमान याकोब्सन यांनी 1957 मध्ये या व्याकरणिक कोटीस स्वतंत्र स्थान दिले. तुर्कीत एक प्रत्यय बदलला की पाहिलेली घटना ऐकीव किंवा अनुमानित ठरते. कोलंबिया-ब्राझील सीमेवरील तुयुका भाषेत तर ज्ञानमार्गाचे पाच भेद क्रियापदातच दाखवावे लागतात. मराठीत अशी सक्ती नाही. पण सोय आहे. ‘तो कुत्रा म्हणे नुसत्या इशाऱ्यावर बसतो’ या वाक्यातील ‘म्हणे’ हा शब्द विधानाची जबाबदारी अज्ञात तिसऱ्यावर टाकतो. मात्र सोय ही सक्तीइतकी टिकाऊ नसते. ऐकीव गोष्ट दोन-तीन मुखांतून गेली म्हणजे ‘म्हणे’ गळून पडते आणि मागे उरते ते ‘तो कुत्रा इशाऱ्यावर बसतो’ असे स्वच्छ, निःशंक विधान. म्हणून ज्याच्या बोलण्यात ‘म्हणे’ अद्याप शिल्लक आहे तो अधिक प्रामाणिक समजावा. ज्याच्या बोलण्यात ते नाही त्याने स्वतः पाहिलेच असेल, असे मात्र समजू नये.

याहून फसवी रचना म्हणजे ‘-ऊन’ प्रत्ययाचे पूर्वकालवाचक धातुसाधित. ‘तो जेवून बाहेर गेला’ या वाक्यात केवळ कालक्रम आहे. जेवण हे बाहेर जाण्याचे कारण नव्हे. ‘साबण लावून हात धुतले’ यात मात्र साबण हे साधन आहे. प्रत्यय एकच, अर्थ दोन, आणि कोणता घ्यावयाचा हे ऐकणारा प्रसंगावरून ठरवितो. आता ‘आम्ही नाकावर टिचक्या मारून पिलाचे चावणे सोडविले’ हे वाक्य घ्या. ऐकणाऱ्याने टिचकी हे साधन मानले आणि घरी जाऊन तोच प्रयोग आरंभिला. परंतु पिलाचे दुधाचे दात साधारणतः तिसऱ्या महिन्यानंतर पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पक्के दात पुरे होतात. या काळात दिसेल ते तोंडात धरण्याची त्याची ओढ तीव्र असते व पुढे ती बहुधा आपोआप ओसरते. टिचक्यांचा आणि दातांचा काळ एकच असल्यामुळे दातांचे श्रेय टिचक्यांस मिळाले. यावर उपाय सोपा आहे. अशा वाक्याची मनातल्या मनात दोन स्वतंत्र वाक्ये करावीत: ‘आम्ही टिचक्या मारल्या. पिलाने चावणे सोडले.’ जोड उसवली की पुढचे प्रश्न सुचू लागतात. दोहोंमध्ये किती दिवस गेले? पिलाचे वय काय होते? त्याच वितीची दुसरी पिले टिचकीवाचून सुधारली की नाही? ज्याने खरोखर लक्ष ठेवले असेल त्यास यांपैकी निदान एकाचे उत्तर देता येते.

रीतिवर्तमानकाळही असाच निसरडा आहे. ‘कुत्रा मालकाची परीक्षा पाहतो’ या वाक्यात कोणता कुत्रा, केव्हा, किती वेळा, यांतील काहीच नाही. ‘आमच्या कुत्र्याने काल असे केले’ या वाक्यास मर्यादा आहे, म्हणून ते तपासता येते. पहिले तपासण्याच्या पलीकडचे आहे, आणि विचित्र हे की नेमके त्यामुळेच ते शास्त्रीय वाटते.

हा दोष केवळ बाजारगप्पांचा नव्हे, विद्वानांच्या लेखनातूनही तो पसरतो. ‘कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, म्हणून घरात आपण म्होरक्या व्हावे, आणि कुत्रा न ऐकल्यास त्यास उताणा पाडून दाबून धरावे,’ हा उपदेश जगभर दिला जातो. त्याचे एक मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 मधील जर्मन निबंधात सापडते. शेंकेल यांनी पाहिलेले लांडगे बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त आवारात होते. एल. डेव्हिड मेक यांनी 1970 च्या आपल्या ग्रंथात म्होरक्याची ही कल्पना स्वीकारली आणि तो ग्रंथ फार वाचला गेला. 1978 साली न्यू स्केट येथील ख्रिस्ती मठवासी श्वानपालकांच्या पुस्तकाने उताणे पाडण्याची क्रिया घरोघर पोहोचविली. या प्रवासात ‘बंदिस्त आवारातील लांडगे’ हे विशेषण कोठे गळाले ते कोणासच कळले नाही. ‘म्हणे’ गळते तसेच ते गळाले. पुढे मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केले, आणि 1999 मध्ये लिहिले की रानातील कळप हा बहुधा आईबाप व त्यांची पिले यांचे कुटुंब असतो. लढून मिळविलेले म्होरकेपण तेथे सहसा नसते. आपला जुना ग्रंथ पुन्हा छापू नये अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकांस केली. मठवासीयांनीदेखील 2002 च्या आवृत्तीत उताणे पाडण्याची शिफारस मागे घेतली. सांगणाऱ्यांनी सांगणे सोडले. ऐकणाऱ्यांनी मात्र ऐकलेले धरून ठेवले आहे.

या उपदेशाने नुकसान काय होते, हे गुरगुरण्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. गुरगुरणे ही खूण आहे. भय, वेदना किंवा अन्न हिरावले जाण्याची शंका यांचे ते चिन्ह होय, आणि ‘याहून जवळ येऊ नका’ हा त्याचा आशय. ‘गुरगुरला की तोंडावर मारावे’ असे सांगणारा चिन्हास शिक्षा करितो, आशयास नाही. वारंवार मार बसल्यावर कुत्रा गुरगुरणे सोडू शकतो. भय जसेच्या तसे राहते. आणि एके दिवशी वाटीजवळ गेलेल्या मुलास तो कोणतीही सूचना न देता चावतो. घरातील माणसे मग म्हणतात, ‘कालपर्यंत गरीब होता, एकाएकी काय झाले कोण जाणे.’ एकाएकी काहीच झालेले नसते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात हेरॉन व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 140 श्वानपालकांची उत्तरे प्रसिद्ध केली. ज्यांनी कुत्र्यास मारले किंवा लाथाडले होते त्यांच्यापैकी 43 टक्के लोकांनी, आणि ज्यांनी उताणे पाडले होते त्यांच्यापैकी 31 टक्के लोकांनी, कुत्रा उलट अंगावर आल्याचे नोंदविले. जी कसोटी शेजाऱ्याच्या वाक्यास लावली तीच येथेही लावली पाहिजे: हे कुत्रे वर्तनाच्या तक्रारींसाठीच तेथे आणलेले होते, आणि माहिती पालकांच्या आठवणीतून आली होती. हे आकडे सर्व कुत्र्यांस लागू करणे सयुक्तिक होणार नाही. परंतु संशोधकांनी कुत्रे कोणते, किती व कोठले ते सांगितले, म्हणूनच ही मर्यादा वाचकास दिसू शकते.

आपल्याकडील न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीला ‘शब्द’ हे चौथे प्रमाण मानले. कोणाचा शब्द? तर आप्ताचा. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे व जशी जाणली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे तो आप्त; मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ असो. पदवी, वेष व आवाजातील जरब यांचा या लक्षणात कोठेही उल्लेख नाही. राखणीचा कुत्रा पिलू असतानाच मेंढ्यांमध्ये वाढवावा, असे सांगणाऱ्या मेंढपाळाने प्राणिवर्तनावरचा एकही ग्रंथ वाचलेला नसेल. त्याचे सांगणे मात्र बाधित होत नाही. स्कॉट आणि फुलर यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घ अभ्यासात पिलाच्या वयाचा साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ सहवासाच्या संस्कारास विशेष अनुकूल ठरला. त्या काळात ज्यांचा संग घडतो त्यांस पिलू आपले मानू लागते.

उपदेश बरोबर आणि त्याचे कारण चूक, असाही एक प्रकार असतो, आणि भाषेच्या अभ्यासकास तो विशेष मनोरंजक वाटेल. ‘कुत्र्याला आज्ञा इंग्रजीतच द्यावी, त्याला मराठी कळत नाही,’ असे पुष्कळ सुशिक्षित घरांत ऐकू येते. बुडापेस्ट येथे 2022 मध्ये 18 कुत्र्यांवर झालेल्या मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात परिचित व अपरिचित भाषेस मेंदूचे प्रतिसाद भिन्न आढळले. म्हणजे कुत्र्याच्या कानास परिचय महत्त्वाचा, भाषेची प्रतिष्ठा नव्हे. तरीही ‘सिट’ ही आज्ञा मराठी घरात ‘बस’पेक्षा लवकर शिकली जात असल्यास नवल नाही. ‘बस’ हा शब्द त्या घरात दिवसभर वाजत असतो. पाहुण्यास बस म्हणतात, भात वाढताना बस म्हणतात, बस चुकली म्हणून हळहळतात. आणि यांपैकी एकदाही कुत्र्याने बसावे अशी अपेक्षा नसते. ‘सिट’ हा ध्वनी त्या घरात फक्त कुत्र्यासाठी राखून ठेवलेला असतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरात हाच लाभ मराठी शब्दाने मिळेल.

शिवाय शब्दांच्या आधीची एक भाषा मराठी घरांत पूर्वीपासून आहेच. कुत्र्यास बोलावताना ‘यू यू यू’, अंगावर सोडताना ‘छू’, हाकलताना ‘हाड’. पॅट्रिशिया मॅक्कॉनेल यांनी 1990 च्या सुमारास अनेक भाषा बोलणाऱ्या प्राणिशिक्षकांचे ध्वनी तपासले, तेव्हा प्राण्यास हालचालीस प्रवृत्त करण्यासाठी आखूड व पुनरुक्त ध्वनी, आणि शांत करण्यासाठी लांबट, उतरते ध्वनी वापरण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसली. ‘यू यू यू’ पहिल्या वर्गात सहज बसते. बोलावताना कुत्र्याचे नाव एकदाच, लांबवून आणि दरडावून घेणारे शहरी पालक याबाबतीत त्यांच्या आजीपेक्षा मागे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

नव्या परिभाषेमुळे होणारा एक घोटाळाही नोंदविला पाहिजे. मानसशास्त्रात ‘धन’ व ‘ऋण’ प्रबलन या संज्ञा गणितातून आल्या आहेत: काही दिल्याने वर्तन दृढ झाले तर धन, काही काढून घेतल्याने दृढ झाले तर ऋण. गळ्यास रुतणारा पट्टा कुत्रा जवळ येताच सैल केला, तर ते ऋण प्रबलन. यांचे भाषांतर ‘सकारात्मक’ व ‘नकारात्मक’ असे झाल्यामुळे त्यांत चांगल्या-वाईटाचा अर्थ शिरला. ‘आमची पद्धत संपूर्ण सकारात्मक आहे’ असे कोणी म्हटल्यास त्याने अद्याप काहीच सांगितलेले नाही. कुत्र्याने आज्ञा पाळली तर काय मिळते व न पाळली तर काय होते, एवढे दोनच प्रश्न त्यास विचारावेत.

शेवटी चाव्याविषयीचा उपदेश. कारण शिक्षण फसले म्हणजे प्रसंग तेथे येतो. ‘चावल्या जागी मिरचीपूड भरावी’ आणि ‘पोटात चौदा इंजेक्शने घेतात’ ही दोन वाक्ये मराठवाड्यात अजून ऐकू येतात. पहिले केव्हाही खरे नव्हते. तिखटाने जखम चिघळते आणि धुण्याचा मोलाचा वेळ जातो. दुसरे एके काळी खरे होते. डेव्हिड सेंपल यांनी 1911 साली कसौली येथे तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून होणारी लस पोटाच्या त्वचेखाली अनेक दिवस टोचीत असत. तिचे उत्पादन भारतात 2004 च्या अखेरीस थांबले, पण ‘घेतात’ या क्रियापदावर तारीख लिहिलेली नसल्यामुळे वाक्य मागे राहिले, आणि त्या चौदांच्या धास्तीने आजही कोणी रुग्णालयात जाण्याचे टाळतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. सांप्रतची लस दंडात चार-पाच मात्रांत देतात. जखम खोल असेल तर तिच्यासोबत जखमेभोवती प्रतिद्रव्येही टोचावी लागतात. त्यापूर्वी घरच्या घरी करावयाचे ते एवढेच: जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.