सहाशे घागरी एका घागरीत!

दोस्तांनो, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण ऐटीत म्हणतो. पण आपल्या परभणीला समुद्र काही नाही! म्हणून आज आपण जाऊ या कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी, अंजनवेलजवळ द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजातून उतरवून घेतात. त्याला म्हणतात एलएनजी.

घरच्या सिलिंडरमधला गॅस नुसत्या दाबानं द्रव होतो. नैसर्गिक वायू मात्र भारी हट्टी! त्यात मुख्यतः मिथेन असतो. नेहमीच्या तापमानाला कितीही दाबा, तो द्रव होतच नाही. त्याला उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावं लागतं. परभणीच्या थंडीत पहाटे हुडहुडी भरते ना? ती यापुढे ऊबच म्हणायची! पण गंमत बघा, असं केलं की सुमारे सहाशे घागरी वायू एका घागरीत मावतो. मग थर्मासासारख्या टाक्यांच्या जहाजातून तो आणता येतो. किनाऱ्यावर ऊब दिली की पुन्हा वायू, आणि तिथून नळातून पुढे.

इथं एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकारानं वीजकेंद्र उभं राहिलं. जमीन आणि मासेमारीच्या काळजीनं गावकऱ्यांनी आंदोलनं केली. १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, तोही नाफ्त्यावर. वायू पुढे यायचा होता. पण वीज फार महाग पडली. २००१ साली राज्य वीज मंडळानं ती घेणं थांबवलं. बरं का, तेव्हा परभणीला वीज देणारं मंडळही हेच होतं! म्हणजे दाभोळच्या करारात आपल्याही घरचा दिवा होता. त्याच वर्षाअखेर एन्रॉनचं दिवाळं निघालं. टर्मिनल अर्धवट राहिलं.

२००५ साली गेल आणि एनटीपीसी या सरकारी कंपन्यांच्या पुढाकारानं नवी कंपनी स्थापन झाली. २०१३ साली टर्मिनल सुरू झालं. तरी एक काम राहिलंच होतं: लाटा अडवणारी समुद्रातली भिंत. ती अपुरी, म्हणून पुढे अनेक वर्षं पावसाळ्यात जहाजं येईनात. कोट्यवधींची यंत्रं तयार, पण चार महिने गप्प!

घरात मोठ्यांना विचारा, ‘एन्रॉन’ म्हटलं की काय आठवतं? आणि एक लक्षात ठेवा. उणे १६२ अंशांची थंडी माणसानं काबूत आणली. पण करार नीट न वाचता आणि भिंत न बांधता मोठं काम तडीला जात नाही.