चित्रकला घेऊन बारावी

गेल्या वर्षी रमझानच्या सुट्टीत आमच्या घरी एक तह झाला. कन्येने पुढच्या दोन वर्षांसाठी गणित, भौतिकशास्त्र आणि 'आर्ट अँड डिझाइन' असे तीन विषय निवडले. म्हणजे रसायनशास्त्र गेले आणि त्याबरोबर तिच्या बाबांचे बरेच बेतही गेले. "चित्रं काय, सुट्टीतही काढता येतात!" असे मी म्हणालो. बोलून गेल्यावर लक्षात आले, की हे तर माझ्या वडिलांचे वाक्य. १९९० च्या दशकात सांगलीला त्यांनी ते मला ऐकवले होते.

तेव्हा मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. आपल्यापैकी पुष्कळांनी दिल्या असतील. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. ठरलेल्या वेळात स्वच्छ कागद हाती द्यायचा. मला 'ए' ग्रेड मिळाली आणि रंगपेटी माळ्यावर गेली. पुढे इंजिनिअरिंग, डॉक्टरेट आणि आता पंधरा वर्षे खोबरमध्ये सॉफ्टवेअर. चित्रकला म्हणजे सुबक हात, एवढीच माझी समजूत राहिली. हा वाद आपल्या मंडळातल्या इतर घरांतही होत असणार, म्हणून मला जे समजले ते लिहितो.

तिच्या शाळेत केंब्रिजचा आंतरराष्ट्रीय ए लेव्हल अभ्यासक्रम आहे. वर्गकामाला २५ टक्के गुण. परीक्षा मंडळाने दिलेल्या विषयावरच्या कामाला २५ टक्के. त्यात आधी अभ्यासचित्रे करायची आणि मग देखरेखीखाली एकूण पंधरा तास बसून अंतिम कृती करायची. उरलेले ५० टक्के स्वतः निवडलेल्या विषयाच्या शोधाला, आणि त्यात चित्रांबरोबर हजार ते दीड हजार शब्दांचे लेखनही आले. (ब्रिटनमधल्या मंडळांची वाटणी ६० आणि ४० टक्के अशी वेगळी असते. आपल्या शाळेत कोणते मंडळ आहे ते विचारावे.)

पालकसभेला मी तिचे एक नेटके जलरंगचित्र मोठ्या अभिमानाने पुढे केले. बाई छान म्हणाल्या आणि स्केचबुक मागितले. त्यातली दोन पाने फाडलेली होती, कारण ती 'बिघडली' होती. बाईंचा चेहरा पडला. कल्पना कुठून आली, काय करून पाहिले, काय फसले आणि ते का सोडले, यालाही गुण असतात. फाडलेल्या पानांबरोबर तेच गेले होते. मला एकदम ओशाळल्यासारखे झाले. ऑफिसात प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्या पुसणाऱ्या पोरांना मी स्वतः फैलावर घेतो. घरी मात्र 'स्वच्छ कागदा'चे संस्कार मीच केले होते.

शोधासाठी तिने विषय निवडला तो भिंतीवरच्या चित्रांचा. सौदीच्या नैर्ऋत्येला असीर प्रांतात 'अल्-कत्त अल्-असीरी' नावाची कला आहे. घरातल्या बायका पाहुण्यांच्या खोलीच्या भिंतींवर जिप्समच्या पांढऱ्या लेपावर रंगीत भौमितिक नक्षी काढतात आणि मदतीला नात्यातल्या लहानथोर बायकांना बोलावतात. २०१७ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. हे वाचताच सौभाग्यवती म्हणाल्या, "अगं, मग आपला वारली चौक!" खरेच, लग्नाच्या वेळी चौक लिहिण्याचा मान वारल्यांत सवाष्णींचा. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रे विधीच्या बाहेर, कागदावर आणि कापडावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. एकीकडे बायकांनी बायकांना शिकवलेली नक्षी, दुसरीकडे लग्नघराच्या भिंतीवरून जगभर गेलेली. मुलगी या दोन भिंतींची तुलना करते आहे. आम्ही अब्हाला तीनदा गेलो होतो, पण थंड हवा खायला. भिंतींकडे कोणी पाहिले होते?

भारतीय शाळांतल्या पालकांसाठी थोडे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत पेंटिंग घेता येते: ३० गुण लेखी, ७० प्रात्यक्षिक. लेखीमध्ये बारावीला राजस्थानी, पहाडी, मोगल, दख्खनी शैलींपासून बंगाल शैलीपर्यंतचा इतिहास येतो, तेव्हा 'सोपा विषय' समजून कोणी घेऊ नये. मात्र अभ्यासक्रमात विषय असणे निराळे आणि आपल्या शाळेत तो शिकवणारे कोणी असणे निराळे. नववीतच चौकशी करावी.

पुढे काय, हा खरा प्रश्न. आपली बहुतेक मुले बारावीनंतर इथून जातात आणि अठराव्या वर्षी एकटी पडतात, त्यामुळे बापाला 'खात्रीचा' रस्ता हवा असतो. आयआयटींच्या बी. डेस.साठी यूसीड ही परीक्षा आहे. ती कोणत्याही शाखेच्या मुलाला देता येते आणि तिच्यात हाताने रेखाटन करावे लागते. अहमदाबादची एनआयडी १९६१ पासून आहे, तिची प्रवेशपरीक्षा वेगळी. मुंबईचे जे. जे. १८५७ पासूनचे. आर्किटेक्चरचा दरवाजा उघडा ठेवायचा तर गणित सोडू नये, आणि आमच्या तहातले माझे एकमेव कलम हेच होते.

आणि माझ्यासारख्या संगणकवाल्यांसाठी एक नाव सांगतो. विंडोज २००० पासून आपण ज्या 'मंगल' अक्षरांत मराठी वाचू लागलो, ती र. कृ. जोशी यांनी घडवली. ते जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकले, जाहिरातींत काम केले, मग पवईच्या आयआयटीत शिकवले. मी त्या अक्षरांवर चालणारे प्रोग्राम लिहिले, पण ती कोणी तरी बसून काढली असतील असे माझ्या मनातही आले नव्हते.

सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर प्लायवुडचे तुकडे आहेत, एकावर गेरू, एकावर जिप्सम. गेल्या शुक्रवारी तांदळाच्या पिठाची रेघ वाळल्यावर जिप्समवरून पापुद्र्यासारखी सुटली. मी डिंक घालायला सुचवले. वारली लोकही घालतात म्हणे. तिने सुटलेली पापडी पानावर चिकटवली, खाली तारीख घातली आणि लिहिले, "प्रयोग तिसरा, फसला. पुढे: डिंक, बाबांची सूचना." डिंक आणायला मला आज बाजारात जायचे आहे.