कॅन्सर रुग्णाच्या सोबत्याविषयीचे पाच गैरसमज

घरात कॅन्सरचं निदान झालं की सगळ्यांच्या नजरा पेशंटकडे वळतात. फाइल घेऊन रांगेत उभं राहणारं, रात्र-रात्र उशाशी बसणारं, दागिने गहाण टाकायला जाणारं माणूस मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच घरांत ती बायको, मुलगी किंवा सून असते. तिनं सगळं एकटीनं, मुकाट्यानं निभवावं ही अपेक्षाच चुकीची आहे. पुढचे गैरसमज त्यातूनच आलेले आहेत.

गैरसमज १ : आधी घरचे पैसे लावू, संपले की योजनेचं बघू.
वस्तुस्थिती : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार कॅशलेस होतात आणि त्यासाठी आधी मंजुरी लागते. खिशातून भरलेलं बिल नंतर परत मिळेल, असं धरून चालू नये. निदान झाल्याबरोबर रेशनकार्ड, आधारकार्ड आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. हा हक्क आहे, तो मागताना संकोच नको.

गैरसमज २ : ऑपरेशन आणि केमोचे पैसे जमले की झालं.
वस्तुस्थिती : गावाहून मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला वारंवार यायचं तर प्रवास, राहणं, जेवण आणि दोघांची बुडालेली मजुरी यांतच घर खचतं. हा खर्च पहिल्यापासून हिशेबात धरा. उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला पूर्ण, तर सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन अशा जागा आहेत. तिथली चौकशी निघण्याआधीच करावी. रुग्णालयातले वैद्यकीय समाजसेवक यात मार्ग दाखवतात.

गैरसमज ३ : पेशंटला सांगू नका, खचून जाईल.
वस्तुस्थिती : शेजारच्या खाटा, औषधं, नातेवाइकांचे चेहरे यांवरून पेशंटला बहुतेक वेळा कळलेलंच असतं. मग तो घरच्यांसाठी गप्प राहतो आणि घरचे त्याच्यासाठी. पैशांचे आणि उपचारांचे निर्णय त्याला न विचारता घ्यावे लागतात, आणि त्यांचं ओझं सोबत्याच्या मनावर वर्षानुवर्षं राहतं. किती आणि कसं सांगायचं, यासाठी डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत घ्या. त्याला किती जाणून घ्यायचंय, हे आधी त्यालाच विचारा.

गैरसमज ४ : पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.
वस्तुस्थिती : ही सेवा मूळ उपचारांबरोबरच, अगदी सुरुवातीपासून घेता येते. वेदना, मळमळ, धाप, झोप न येणं यांवर ती इलाज करते आणि कुटुंबालाही आधार देते. जखमेचं ड्रेसिंग, नळीतून अन्न देणं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं हे सोबत्याला शिकवलं जातं. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७पासून हे काम करतंय. वांद्र्याचं शांती आवेदना सदन तर १९८६पासून शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करतंय.

गैरसमज ५ : आजारी ते आहेत, मला काय धाड भरलीय?
वस्तुस्थिती : सतत शुश्रूषा करणाऱ्यांत निद्रानाश, चिंता, नैराश्य नेहमी आढळतं. स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही चुकतात. कधी पेशंटचाच राग येतो, कधी ‘सुटका व्हावी’ असं मनात येतं आणि लगेच अपराधी वाटतं. हा थकवा आहे, माया कमी झालेली नाही. सरकारच्या टेलिमानस या मोफत हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं.

भेटायला येणारे ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून जातात. त्यांना खरंच सांगा, आणि नेमकं सांगा : मंगळवारी केमोला तुम्ही सोबत जाल का, मुलांचा डबा आठवडाभर द्याल का, योजनेचे कागद कोण बघेल? कामं अशी वाटून घेतली, तरच लांबणाऱ्या उपचारांत पेशंटबरोबर त्याचा सोबतीही टिकतो.